माळ घातल्यावर माणूस बदलतो का?

बांधावरचा (धागाकर्ता)

माळशिरस तालुक्यातलं आमचं गाव पालखीमार्गाच्या जवळ. माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंद, फलटण करत आमच्या बाजूला आली की गावातून भाकरीच्या दुरड्या निघतात. अशा गावात देव आहे की नाही यावर पारावर वाद होत नाही. वाद होतो तो "त्यानं माळ घातली खरी, पण टिकंल का?" यावर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: तुळशीची माळ कुणी दुकानातून आणून परस्पर गळ्यात अडकवत नाही. पंढरपूरला, आळंदीला किंवा गावच्या सप्ताहात एखाद्या महाराजांच्या हातून ती घ्यायची असते. घालताना ते नेम सांगतात. दारू-मटण बंद, एकादशी करायची, रोज हरिपाठ, वर्षातून एक तरी वारी. त्याच दमात खरं बोलावं, परस्त्री आईसमान मानावी, कुणाचं लुबाडू नये हेही सांगतात.

गावातल्या माळकऱ्यांकडे बघून माझं निरीक्षण असं, की दारू-मटणाचा नेम बहुतेकांचा टिकतो. एकादशी टिकते. शेजाऱ्याचा बांध कोरायची सवय मात्र जशीच्या तशी. दर नांगरटीला नांगराचं एक तास शेजाऱ्याच्या रानात. पहाटे काकड्याला पहिला, दुपारी तलाठ्याकडे फेरफाराच्या भानगडीतही पहिला. तुकोबांच्या काळीही असे असणारच, नाहीतर टिळे-माळा मिरवणाऱ्यांवर त्यांनी इतके कोरडे ओढले नसते.

म्हणून मला वाटतं, श्रद्धेने माणूस बदलतो, पण गाव ज्याची विचारणा करतं तेवढ्यापुरताच. माळकरी मटणाच्या दुकानापुढे दिसला तर दिवे लागायच्या आत बोभाटा. बांध कोरला तर "भावकीचं हाय, चालायचंच".

आपापले अनुभव लिहा. देव आहे की नाही ते इथे नको, त्यासाठी आधीच भरपूर धागे पडलेत.

उगाच_एक

पहिल्या रांगेत जागा धरून ठेवतो. चहा सांगितलाय.

वेणूनाद

झाडाझडती नेहमी धार्मिक माणसाचीच का? नास्तिक बांध कोरत नाहीत?

बांधावरचा

@वेणूनाद, कोरतात की. पण त्यांनी सप्ताहात चारचौघांसमोर "कुणाचं लुबाडणार नाही" असं कबूल केलेलं नसतं.

खतवाला

माझं कृषी सेवा केंद्र आहे. खत, बियाणं, औषधं, सगळा धंदा उधारीवर. ऊस कारखान्याला गेला, बिल जमा झालं की वसुली. पैसे बुडवण्यात माळकरी आणि बिनमाळकरी असा काही फरक असलाच तर माझ्या वहीत तो दिसत नाही.

फरक आहे तो तगाद्यात. बिनमाळकऱ्याला फोन केला की "बघू, बिल निघू दे". माळकऱ्याला मी फोन करतच नाही. सप्ताहाला जातो, विणेकऱ्याच्या पाया पडतो, पंगतीत त्याच्या शेजारी मांडी घालतो आणि भात वाढत असताना हळूच विचारतो, "अण्णा, त्या युरियाचं कसं करायचं?" आजूबाजूचे चार जण आमटी भुरकायची थांबतात. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आत पोरगं पैसे घेऊन दारात. धागाकर्ता म्हणतोय ते हेच.

आणि उधारी देताना मी स्वतःही माळ बघतोच, खोटं कशाला बोलू. नवं गिऱ्हाईक माळ घालून आलं तर एक पोतं जास्त सुटतं. हे ओळखून माळ घालून येणारेही भेटलेत. त्यातल्या एकाने द्राक्षावरचं औषध नेलं ते नेलंच.

उगाच_एक

आमटीचा प्रसंग जबरी! वसुलीचं हे तंत्र बँकांना शिकवा.

कुंपणावरची

धागा पुरुषांनी पुरुषांबद्दल लिहिल्यासारखा चाललाय, म्हणून लिहिते.

माझ्या सासऱ्यांनी माळ घातली ती माझ्या लग्नाच्या आधी. सासूबाई सांगतात त्यावरून, त्याआधी संध्याकाळ झाली की पोरांना शेजारी पाठवायचं आणि आपण मार खायचा. माळ घातली, दारू सुटली, मार थांबला. तुम्ही लिहिता "तेवढ्यापुरताच" बदलतो. त्या घरातल्या बाईला ते "तेवढंच" नसतं हो.

पण माळ घालायला लावली कुणी? सासूबाईंनी. "डॉक्टरने सांगितलंय" म्हटलं तर दोस्त म्हणतात एक घे, एकाने काय होतंय. गळ्यात माळ दिसली की ग्लास पुढे करणाराच ओशाळतो. सासरे आधीही भाविकच होते, पंढरीला जाऊन आल्यावरही प्यायचे. सासूबाईंनी त्या भाविकपणाला नेमक्या जागी लगाम घातला.

माळेनंतर घरातलं काम मात्र वाढलं. पोरांना अंडं-मटण हवं तर गोठ्याकडेला तीन दगडांची चूल, वेगळं पातेलं, वेगळी पळी, त्यातलं काहीही उंबऱ्याच्या आत यायचं नाही. पावसाळ्यात ती चूल पेटवून बघा एकदा. नेम सासऱ्यांचा आणि धूर आमच्या डोळ्यांत.

शिवाय एक कप. गोठ्याच्या कोनाड्यात कान तुटलेला एक कप असायचा. खुरपायला येणाऱ्या बायकांपैकी ठरावीक दोघींचा. चहा वरून ओतायचा, कप त्यांनीच विसळून परत ठेवायचा. मी नांदायला आले तेव्हा घरात रोज हरिपाठ होता, भजनात चोखोबांचे अभंग होते, आणि कोनाड्यात तो कपही होता. महाराज यायचे तेव्हा "काय, नेम चाललाय ना?" असं विचारायचे ते दारूबद्दल. कपाबद्दल कधी कुणी विचारलं नाही. मी तो उकिरड्यावर टाकला तेव्हा सासरे काही बोलले नाहीत, तेव्हापासून चहा स्टीलच्या पेल्यात सगळ्यांना. पण तसा दिला नसता तरी त्यांची माळ काही तुटली नसती.

चष्मिष्ट

@कुंपणावरची, वाखुसा (वाचनखूण साठवली).

पंढरपुरात चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आहे. ते गेले १३३८ मध्ये. मंदिर दलितांना उघडलं ते साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये उपोषण केलं तेव्हा. मधली सहाशे वर्षं लोक समाधीवर डोकं टेकवून, त्यांचेच अभंग म्हणत आत जात होते. त्या लोकांची श्रद्धा खोटी होती असं कुणी म्हणू शकणार नाही. उन्हातान्हात दोन-तीन आठवडे चालत यायचे.

वेणूनाद

आणि उपोषणाला बसलेले साने गुरुजी कोण होते? भाविकच होते ना? गाडगेबाबांनी पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली, ती कीर्तनातून जमलेल्या पैशातून. ते श्रद्धेच्या खात्यात धरणार की नाही? एकाच विठ्ठलाच्या नावाने दार लावणारेही आहेत आणि उघडणारेही.

चष्मिष्ट

धरतो की. पण मग श्रद्धा दोन्ही बाजूंना आहे, म्हणजे फरक पाडणारी गोष्ट दुसरी काहीतरी आहे.

निळी पायरी

इतका वेळ फक्त वाचत होतो. आमच्याकडचं उदाहरण जरा निराळं आहे.

१४ ऑक्टोबर १९५६, नागपूर, बौद्ध धम्माची दीक्षा. आजोबा विदर्भातल्या एका खेड्यातून चालत आणि मग रेल्वेने गेले होते. बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञा बऱ्याच जणांना फक्त "ह्या देवांना मानणार नाही" एवढ्याच माहीत असतात. त्यात चोरी करणार नाही, खोटं बोलणार नाही, दारू पिणार नाही ह्याही आहेत. १९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्ध अडीच हजारांच्या आसपास होते, १९६१ मध्ये जवळपास २८ लाख. म्हणजे एका दशकात एवढ्या माणसांनी जाहीरपणे आपलं जगणं बदलायचं ठरवलं. तुमच्या प्रश्नाला महाराष्ट्रात याहून मोठं उदाहरण मिळणार नाही.

काय टिकलं? देव्हाऱ्यातले टाक नदीत सोडले ते परत आले नाहीत. मेलेली जनावरं ओढायचं आणि खायचं सोडा, हे बाबासाहेबांनी १९२७ मध्ये महाडलाच सांगितलं होतं. आमच्या वस्तीने ते दीक्षेनंतर पुरतं सोडलं. जत्रेत कोंबडं-बकरं देणं थांबलं, तो पैसा पोरांच्या वह्यांना गेला. आजी सही करायला शिकली ती विहाराच्या ओट्यावर. दारू मात्र सगळ्यांची सुटली असं मी म्हणणार नाही, आमच्या घरातही सुटली नव्हती. वस्तीने मिळून जे सोडलं ते सुटलं. जे ज्याने त्याने एकट्याने संध्याकाळी सोडायचं होतं ते राहिलं.

इथपर्यंत धागाकर्त्याशी जुळतं. पण "गाव विचारतं तेवढंच बदलतं" हे आमच्याबाबतीत उलटं आहे. गाव विरोधात होतं. जनावरं ओढायला नकार दिला म्हणून बहिष्कार पडला, किराणा बंद, विहीर बंद. गावाच्या दबावाने बदल होतो म्हणता, इथे गावाचा दबाव झुगारून झाला. पाठीशी होती ती फक्त वस्ती.

आणखी एक. माळेत "हे खाणार नाही, ते पिणार नाही" असतं. दीक्षेने माणूस मान वर करून चालायला लागला. ते कुठल्या नेमात बसवणार?

बांधावरचा

@निळी पायरी, "गाव" ऐवजी "आपली माणसं" म्हणायला हवं, बरोबर आहे तुमचं. ज्यांच्यात उठबस आहे, ज्यांच्या डोळ्याला डोळा भिडवायचा आहे ती माणसं. शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही.

अ_सांख्यिक

परदेशात राहून गावच्या गप्पांत नाक खुपसतोय, माफी असावी. पण ह्या प्रश्नावर थोडे चांगले अभ्यास झालेत. अडचण @कुंपणावरची यांनी नकळत सांगितलीच आहे. ज्याला (किंवा ज्याच्या बायकोला) बदलायचं असतं तोच माळ घालतो. मग बदल माळेने झाला की बदलायच्या इच्छेने, हे वेगळं काढायचं कसं?

पाकिस्तानात ते वेगळं काढता आलं. हजला जायला अर्ज जास्त आणि जागा कमी, म्हणून सरकारी सोडत निघते. म्हणजे सारख्याच श्रद्धेचे, सारखीच इच्छा असलेले दोन गट आपोआप तयार होतात. चिठ्ठी निघालेले आणि न निघालेले. क्लिंगिंगस्मिथ, ख्वाजा आणि क्रेमर (अभिजित बॅनर्जींसोबत २०१९ चं नोबेल मिळालेले तेच क्रेमर) यांनी २००६ च्या अर्जदारांना हज झाल्यानंतर काही महिन्यांनी गाठलं. अभ्यास २००९ मध्ये छापून आला. हाजींचा नमाज-रोजा वाढला होता, ते अपेक्षितच. पण तावीज-गंड्यांसारख्या स्थानिक प्रथांवरचा विश्वास कमी झाला होता. दुसऱ्या देशांच्या, दुसऱ्या पंथांच्या लोकांबद्दल मत निवळलं होतं. मुलींच्या शिक्षणाबद्दल आणि बायकांनी नोकरी करण्याबद्दल मत जास्त अनुकूल झालं होतं. यात कुराणातलं नवं काही कुणी शिकवलेलं नव्हतं. जगभरातली माणसं, बायका आणि पुरुष एकाच मैदानात पाहून आले, एवढंच.

दुसरा एक मराकेशचा. दुकानदारांपुढे पर्याय ठेवले, काही पैसे स्वतःला घ्या किंवा दानाला द्या. बांग ऐकू येत असताना दानाकडे कल जास्त, एरवी कमी. माणूस तोच, दुकान तेच.

आणि तिसरा जुना, १९७३ चा, अमेरिकेतल्या प्रिन्स्टनचा. डार्ली आणि बॅटसन यांनी पाद्री होण्यासाठी शिकणाऱ्या मुलांना एका इमारतीतून दुसरीकडे भाषण द्यायला पाठवलं. काहींचा विषय बायबलमधला भला शोमरोनी, म्हणजे वाटेत पडलेल्या जखमी परक्याला मदत करणारा. वाटेत एक माणूस खोकत, कण्हत बसवलेला. ज्यांना घाई नव्हती त्यांच्यातले ६३ टक्के थांबले. ज्यांना "उशीर झालाय, पळा" म्हटलं त्यांच्यातले १० टक्के. भाषणाचा विषय कोणता होता याने म्हणावा असा फरक पडला नाही. शोमरोन्यावर बोलायला निघालेले काही जण त्या माणसाला ओलांडून गेले.

उगाच_एक

तिसरा म्हणजे पंढरपूरला दर्शनबारीत घुसणारे आमचे लोक. हातात तुकोबाची गाथा आणि कोपर पुढच्याच्या बरगडीत.

कुंपणावरची

बांगेचं खरं आहे. आमच्याकडे सप्ताह चालू असताना भांडणंसुद्धा दबक्या आवाजात होतात. काल्याच्या दुसऱ्या दिवशी मटणवाल्याकडे रांग आणि भाऊबंदांचे आवाज पूर्ववत.

मिऱ्याबंदर

रत्नागिरीकडचा मुसलमान. हजबद्दल वाचून बरं वाटलं, पण घरचं सांगतो.

रमजानमध्ये बाजारपेठेतला माणूस बदललेला दिसतो. शिवी तोंडात आली तरी गिळतो, "रोजा आहे" म्हणतो. ईदनंतर फजरच्या, म्हणजे पहाटेच्या नमाजाची रांग निम्म्यावर येते, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. ते असो. मला लिहायचंय ते चुलत्यांबद्दल.

चुलते जकातीचा, म्हणजे दरवर्षी द्यायच्या दानाचा हिशेब असा करतात की एखादा सीए लाजेल. अडीच टक्के म्हणजे अडीच टक्के. चाचीच्या बांगड्या वजन करून आणतात, दुकानातला माल मोजतात. बँकेचं व्याज जमा झालं तर ते वेगळं काढून देऊन टाकतात, स्वतःला वापरत नाहीत. कुणी विचारायला येत नाही, कुणाला कळतही नाही. पण आजोबांच्या आंब्याच्या कलमांची वाटणी झाली तेव्हा आत्यांकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या. मुलीला मुलाच्या निम्मा हिस्सा हे कुराणात स्पष्ट आहे, त्यात अर्थ लावायला जागाच नाही. चुलत्यांना ती आयत पाठ आहे. "बहिणींनी खुशीने सोडलं" म्हणतात. आत्या माहेरी यायच्या बंद झाल्या नाहीत, एवढ्यावरून ती खुशी ठरली.

म्हणजे नेम लिहिलेला असून, पाठ असून पाळला जात नाही. शेजारच्या हिंदू घरातही बहिणींच्या सह्या अशाच घेतल्या, कायदा असून. आमच्या वाडीत हिस्सा मागणारी बहीण वाईट ठरते, न देणारा भाऊ नाही. तिथे दोन्ही धर्मांचं अगदी एकमत आहे.

खतवाला

हक्कसोडच्या दिवशी तहसीलला जी गर्दी असते ना, त्यात निम्म्या भावांच्या गळ्यात माळ असते. बहिणीला वर साडी आणि वडापाव.

वेणूनाद

सगळे मिळून एकाच निष्कर्षाला पोचलात की लोक बघतात म्हणून माणूस नीट वागतो. मिऱ्याबंदर यांच्या चुलत्यांचं व्याज कोण बघत होतं? ते त्यांनी स्वतःच लिहिलंय आणि सगळ्यांनी सोडून दिलं. आता माझं ऐका.

कोविडमध्ये २०२० आणि २०२१ ला पायी वारी झाली नाही, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. आमच्या काकांची वारी चुकली. दिंडी नाही, सोबत नाही, बघणारं कुणी नाही. एकादशी, हरिपाठ सगळं चालू होतं, पण ते सोडा, ते सवयीने होतं म्हणाल.

पाण्याचं सांगतो. नीरा उजव्या कालव्याच्या चारीवर आमची शेती. आवर्तन, म्हणजे कालव्याचं पाणी सुटलं की पाळ्या लागतात, आणि निम्म्या पाळ्या रात्रीच्या. रात्री दोन वाजता उसात उभं राहून बॅटरीच्या उजेडात दारं धरायची. वरच्या शेतकऱ्याचं दारं जरासं मोडलं, दोन खोरी माती इकडची तिकडे केली की पाणी आपल्या रानात. तो घरी झोपलेला. सकाळी माती परत लावली की उंदराने बीळ पाडलं म्हणायला मोकळे. चारीवरचा प्रत्येक जण कधी ना कधी हे करतो. काका करत नाहीत. त्यांचे सख्खे धाकटे भाऊ, म्हणजे माझे वडील, करतात. वडिलांनीच सांगितलं, मी काही चोरून बघितलेलं नाही. दोघांचं रान शेजारी, ऊस सारखाच तहानलेला. काकांच्या गळ्यात माळ आहे, वडिलांच्या नाही.

आता सांगा, उसात रात्री दोनला कुठलं गाव बघायला येतं?

बांधावरचा

चांगला आहे हा. पण काका आधीपासूनच तसे असतील. एकाच आईच्या दोन पोरांत एक सरळ निघतो, एक नाही, त्याला माळ कशाला लागते?

वेणूनाद

तसं नाहीये. माळ घालायच्या आधी काकाही पाणी वळवायचे. एकदा त्यावरून वरच्या वाडीशी मारामारी झाली, खोरं डोक्यात बसलं, प्रकरण पोलीस पाटलापर्यंत गेलं. माळ त्यानंतर बऱ्याच वर्षांनी.

अ_सांख्यिक

मारामारीनंतर की माळेनंतर थांबले? दोन्हींत अंतर किती?

वेणूनाद

वडील म्हणतात मारामारीनंतरही चालूच होतं, फक्त जपून. माळेनंतर बंद. मी काकांना एकदा विचारलं होतं. "पांडुरंग बघतो" वगैरे म्हणतील असं वाटलं होतं. म्हणाले, "हरिपाठ म्हणताना तोंड अडकायचं रं." तुमच्या अभ्यासात ह्याला काय म्हणतात माहीत नाही.

कुंपणावरची

@वेणूनाद, काकांच्या रानात खुरपायला येणाऱ्यांचा चहा कशात असतो, तेही एकदा विचारा.

वेणूनाद

@कुंपणावरची, विचारायची गरज नाही. वेगळाच असायचा. आता कागदी कप आलेत, सगळ्यांना तेच, त्यामुळे कळायला मार्ग नाही.

निळी पायरी

कागदी कपांनी बऱ्याच लोकांची सोय केली आहे.

खतवाला

@वेणूनाद, तुमची चारी कुठली? आमच्याकडे टेलला, म्हणजे चारीच्या शेवटाला, मागच्या आवर्तनात पाणी पोचलंच नाही. वरच्या माळकऱ्यांना विचारलं, बिनमाळकऱ्यांनाही विचारलं. दोघेही त्यांच्याही वरच्या गावाकडे बोट दाखवतात.